सोमीनं विचारलेला प्रश्न

काल ट्रंकेतून ब्लँकेट काढलं आणि डांबरगोळ्यांचा वास आला. त्या वासासरशी मी थेट शाळेच्या दिवसांत, आलापल्लीला, माझ्या मैत्रिणीच्या, नसरीनच्या घरी जाऊन पोचले.

तिच्या अब्बांनी भाड्यानं व्हीसीआर आणला होता. भर दुपारी खिडक्यांवर ब्लँकेटं टांगून अंधार केलेला. सिनेमा इंग्रजी, भुताचा. जुनाट हवेलीत मेलेली गोरी बाई भटकत राहते. मूळ कथा मी मराठीतून वाचलेली, म्हणून समजावून सांगायचा मान माझा. वर्गातल्या सगळ्या पोरी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. काय सुख होतं ते!

बाई खिडकीत आली. सगळ्या किंचाळल्या. सोमी तेवढी शांत. ती जंगलातल्या माडिया आदिवासींच्या गावची, वर्गात कधी तोंड न उघडणारी. ती म्हणाली, "हिच्या घरच्यायनं हिच्या नावाचा गोटा काऊन नाई उभा केला? आमच्या इथी करतेत. मंग मेलेलं मानूस असं भटकत नाई."

नसरीन माझ्या शेजारून उठली आणि तिला चिकटून बसली. "मंग? अजून काय करतेत?"

"अगं, खरी गंमत तं आता हाये!" मी ओरडले.

"चूप ना तू," नसरीन म्हणाली.

आता मी कॉलेजात तीच कथा शिकवते. शेवटी विचारते, "हिच्या नावाचा दगड कुणी का उभा केला नाही?" मॅडमना कसं सुचतं, असं मुलं म्हणतात.

मी नुसती हसते. सोमीचं नाव अजून एकदाही माझ्या तोंडून निघालेलं नाही.