अफवेचा तक्ता

संशोधकाला जात नसते. पहिल्याच बैठकीत सर हे म्हणाले आणि आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. मग त्यांनी कामाची वाटणी केली.

"वरच्या गल्ल्या हा करेल. तू तुमच्या वस्तीत जा. तुझ्याशी ते मोकळं बोलतील."

'हा' म्हणजे सरांच्या मेहुण्याचा मुलगा. मी म्हणजे पिंप्राळ्यात भाड्याच्या खोलीत राहणारा, एम.ए. झालेला, बौद्ध. सरांच्या हाताखाली पीएच.डी.ला नाव नोंदवून मिळेल, या आशेवर मदतनीस झालेलो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नरडाण्याजवळच्या एका गावात पाण्याची नवी टाकी झाली. साऱ्या गावाला एकच टाकी, एकच पाणी. आठवड्याभरात बोलवा उठली, टाकीत औषध टाकलंय, हे पाणी प्यायलेल्या बाईला मूल होत नाही. नळ ओस पडले. जो तो आपापल्या विहिरीवर परतला. तिथल्या आमच्या, म्हणजे बौद्ध वस्तीची विहीर नाल्याकाठी, पाणी हिरवं. पोरं हगवणीनं आजारी पडली.

अफवा कशी पसरते याचा विद्यापीठाला अभ्यास करायचा होता. पद्धत सोपी होती. प्रत्येकाला विचारायचं, "तुम्हाला हे कोणी सांगितलं?" ज्याचं नाव येईल त्याच्याकडे जायचं. असं मागे मागे जात पहिल्या तोंडापर्यंत पोचायचं.

वरच्या गल्लीतले फॉर्म चहाच्या डागांसकट परत आले. उत्तर बहुतेक एकच, 'आठवत नाही.' सरांनी ते मानलं. माझ्या वस्तीत कुणी तसं म्हटलं की सर म्हणत, "खोदून विचार." विसरायची मुभाही गल्ली बघून मिळत होती.

मी खोदून विचारलं. सगळी नावं अक्कांपाशी आली. अक्का म्हणजे बालवाडीत झाडलोट करणारी, पोरांसाठी पाणी भरणारी म्हातारी. सकाळी पाटलांचं अंगणही झाडायची. तिनं मला भाकरी वाढली आणि न विचारताच सांगितलं, "माले पाटलीनबाईनी सांगं. लिखी ले, भाऊ."

मी लिहून घेतलं. खात्री करायला पाटलांकडे गेलो.

पाटील ओट्यावर सुपारी कातरत होते. मी अंगणात उभा.

"विद्यापीठाचा माणूस येणार होता ना?"

"मीच तो."

त्यांनी माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग आडनाव विचारलं. सांगितलं. वर ये म्हणाले नाहीत.

"अक्का म्हणतात, बाईंकडून ऐकलं. बाईंना एकदा विचारायचं होतं."

घरात कुणीतरी भांडं घासायचं थांबलं.

"आमच्या घरच्या बाया असलं बोलत नाहीत. झाडणारी बोलली आणि तू लिहिलंस? शिकलेला ना तू? खोड ते."

खिशात विद्यापीठाचं गोल शिक्क्याचं पत्र होतं. ते काढता आलं असतं. मी पेन काढलं. पाटलीणबाईंच्या नावावर दोन रेघा ओढल्या.

"दिसू दे."

अंगणातून मी कागद वर धरला. शाळेतलं पोर पाटी दाखवतं तसा.

"शाब्बास," पाटील म्हणाले.

पदवीच्या वेळी घरात कुणाला शब्द सापडला नव्हता. पहिली शाब्बासकी मला ही मिळाली. तीही मी मान हलवून घेतली.

माझं अक्षर चांगलं, म्हणून तक्ता मीच काढला. साऱ्या बाणांच्या मुळाशी एक लाल वर्तुळ, आत अक्का. तापीचा उगम आपणच शोधल्यासारखे सर खूश झाले. त्यांनी ते वर्तमानपत्राला सांगितलं. बातमीत नाव नव्हतं, फक्त 'बालवाडीतील एक अशिक्षित वृद्धा'. त्या गावाच्या बालवाडीत वृद्धा एकच होती. मुलांच्या पाण्याला हात लावायचा नाही, असं सांगून तिला घरी पाठवलं.

परिसंवादासाठी वस्तीचे फोटो हवे होते, म्हणून मी पुन्हा गेलो. अक्का दारात बसली होती. रागावली नाही. फक्त विचारलं, "भाऊ, मी तुले सांगेल व्हतं, ते कोठे गयं?"

मी म्हणालो, "सरांना विचारतो." हे वाक्य लिहितानाही लाज वाटते.

परिसंवाद धुळ्याला होता. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय. निबंधाला उरली पंधरा मिनिटं. सर बोलणार, मी तक्त्यावर छडी ठेवणार, असं ठरलं होतं.

"आणि हा अफवेचा उगम," सर म्हणाले. छडी हलली नाही. "उगम," ते पुन्हा म्हणाले.

मी छडी टेबलावर ठेवली. लाल पेन घेतलं. वर्तुळातून वर एक बाण काढला आणि टोकाला लिहिलं, पाटलांचं घर.

"इथं एक नाव होतं. अक्कांनी सांगितलेलं. पाटील खोड म्हणाले आणि मी खोडलं. मूळ फॉर्म माझ्याकडे आहे. ते नाव पहिलं की त्याच्याही मागे कुणी आहे, हे मला माहीत नाही. कारण आपण तिथं विचारलंच नाही."

आवाज चिरकला.

"खाली बस," सर म्हणाले. "संशोधनात भावनेला जागा नसते."

पाहुण्यांनी चहा झाला का विचारलं.

बाहेर व्हरांड्यात सरांनी मला गाठलं. "पीएच.डी. करायची ना तुला?"

"करायची. तुमच्याकडे नाही."

त्याच दिवशी एसटी स्टँडवर बसून मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं : नाव मी खोडलं, म्हातारीचा दोष नाही. खाली सही, पूर्ण नावानं, आडनावासकट. एक प्रत बालवाडीला पाठवली. पत्र छापलं नाही. मी दुसरं पाठवलं. तेही नाही. तिसरं घेऊन मी स्वतः वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन बसलो. अक्काला कामावर घेईपर्यंत मी लिहिणार होतो आणि बसणार होतो. आणि यापुढे कुणी ओट्यावरून खोड म्हणालं, तर मी ते नाव मोठ्यानं वाचणार होतो.

परिसंवादाच्याच आठवड्यात पिंप्राळ्यात एका रिक्षावाल्यानं रिक्षा हळू करून विचारलं, "भाऊ, तुम्ही धुळ्यात सरांना चपलेनं मारलं म्हणे?"

मी त्या दिवशी बूट घातले होते.