विमा उतरवलेले माळवद

ती घटना आठवण्यासाठी मला जुनी डायरी काढावी लागत नाही. डायरीत ती आहे, पण त्या वेळी मी जे लिहिले त्यातले निम्मे चुकीचे होते, आणि अक्षर माझेच आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणावर ढकलताही येत नाही.

सन तीस नंतरची गोष्ट. मी बारामतीला फौजदार म्हणून नुकताच रुजू झालो होतो. मूळचा कोकणातला, त्यामुळे सपाट छपराची घरे मला नवीन होती. कऱ्हेकाठच्या जुन्या पेठेत सगळी तशीच घरे, भिंतीला भिंत लावून उभी. दगडी जोते, सागवानी खांब आणि तुळया, वर फळ्या आणि त्या फळ्यांवर हातभर जाडीचा मातीचा थर. याला तिकडे माळवद म्हणतात. माळवदांवरून चालत पेठेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता येई, आणि चोर तसे जातही. माझा माळवदाचा अभ्यास तेवढ्यापुरताच होता.

या पेठेत एका बागायतदाराचे घर होते. सगळे त्यांना आबा म्हणत. कालव्याच्या पाण्यावर ऊस, नगरपालिकेत सभासद, बोलणे गोड. ते ठाण्यात आले की जमादार धावत जाऊन खुर्ची पुढे करी. खोटे कशाला सांगू, मीही करीत असे. आबांनी कालव्याजवळ नवा बंगला बांधायला काढला होता आणि तो जोत्यापर्यंत येऊन थांबला होता. जुन्या घरात ते कुटुंबासह राहत. पुढची बोळाकडची खोली एका कल्हईवाल्याला भाड्याने दिलेली होती. तो पन्नाशीचा मुसलमान गृहस्थ, गाव त्याला चाचा म्हणे. निम्म्या बारामतीची पितळी भांडी त्याच्या हाताखालून जात.

आबांनी वर्षभरापूर्वी या घराचा आगीचा विमा उतरवला होता. त्या काळी माणसाचा विमा म्हटला तरी घरातल्या बायका अशुभ म्हणून कानांवर हात ठेवीत. घराचा विमा ही तर नवलाईच. कंपनीच्या माणसाने आधी नकार दिला होता. घर म्हातारे, बोळ अरुंद, शेजार खेटून, त्यात पुढे कल्हईची भट्टी. तेव्हा आबांनी त्याला शिडीवरून वर नेले आणि माळवद दाखवले. एवढ्या मातीखालचे घर पेटेलच कसे, असे त्याला पटवले. कंपनीने कागद केला, पण छपराची डागडुजी दरसाल झाली पाहिजे, अशी अट घातली.

वैशाखातल्या एका शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमारास ते घर पेटले. आबा आणि कुटुंब आदल्या दिवशीच इंदापूरकडे वरकुट्याला लग्नाला गेले होते, म्हणून जीवितहानी झाली नाही. मी पोचलो तेव्हा मागची बाजू जळून गेली होती आणि मधले छप्पर कोसळले होते. पुढचा एक कोपरा तेवढा उभा होता. पंचनामा केला. त्यात कल्हईवाल्याची भट्टी जागेवर मिळाली, पण ती फुंकायचा भाता मिळाला नाही.

भाता नाही हे मला खटकले. शोध घेतला तेव्हा तो पेठेच्या टोकाला चांभाराकडे सापडला. चाचाने तो गुरुवारीच तिथे नेऊन दिला होता. आग लागायच्या आदल्या दिवशी माणूस आपले पोटाचे साधन बाहेर काढतो, याचा अर्थ काय? मी तो अर्थ लगेच लावला. संध्याकाळी शेजारचा किराणा दुकानदार माझ्या मागे मागे आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "सायेब, मी सांगितलं म्हणू नका. पर परवाच्या दिशी चाचा न् आबा लई भांडलं. समद्या बोळानं ऐकलं. आन् आज आग लागली तवा मशिदीतनं पयला धावत कोण आला? चाचाच."

भांडण, भाता आणि पहिला धावत आलेला माणूस. मी चाचाला त्याच दिवशी अटक केली.

आबा शनिवारी वरकुट्याहून आले. जळालेल्या दारासमोर बसून रडले. चाचाचे नाव निघाले तेव्हा म्हणाले, "माझी कुणावर तक्रार न्हाय, सायेब. गरीब माणूस हाय, त्याच्या हातनं चूक झाली असंल." मला ते मोठ्या मनाचे वाटले.

चाचाची चौकशी मीच केली. मी त्याला हात लावला नाही, हे पुढे पुष्कळ वर्षे मी अभिमानाने सांगत असे. हात लावला नाही हे खरे, पण दोन दिवस उभे ठेवले होते, हे मी सांगत नसे.

"आबांशी भांडण झालं की नाही?"

"झालं, सायेब."

"भाता आदल्या दिवशीच का हलवलास?"

"फाटलावता."

"नेमका त्याच दिवशी फाटला?"

मी डायरीत लिहिले, 'आरोपी समाधानकारक उत्तर देत नाही.' मॅजिस्ट्रेटसाहेबांनी रिमांड दिला.

सोमवारी विमा कंपनीचा तोच माणूस मुंबईहून आला. त्याची नजर सगळ्यांवर सारखीच संशयाची होती. आबांवर, जमादारावर आणि माझ्यावरसुद्धा. कागद वाचून झाल्यावर तो म्हणाला, "फौजदारसाहेब, भाडेकरूने आग लावली असे ठरले तर कंपनीला मालकाचे पैसे द्यावे लागतील. तुमचा आरोपी मालकाच्या फार सोयीचा आहे." मला राग आला. स्वतःच्या कंपनीचे पैसे वाचवायला हा मला शिकवतोय, असे वाटले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

चाचाची बायको रोज दुपारी भाकरी घेऊन येई आणि ठाण्यासमोरच्या लिंबाखाली बसून राही. कधी रडली नाही, पाया पडली नाही. मंगळवारी मी बाहेर पडताना तिने विचारले, "सायेब, त्यांचा भाता चांभारानं शिवलाय म्हणं. त्यो जप्त हाय का मी न्यायचा?"

"जप्त आहे. पुरावा आहे तो."

"कशाचा पुरावा? भात्याबिगर भट्टी पेटती व्हय? बेस्तरवारपासनं आमची भट्टी थंड व्हती. त्यांच्या हातात दोन दिस काम नव्हतं."

मी तसाच चांभाराकडे गेलो. त्याने चामड्याचा जुना तुकडा काढून दाखवला. हातभर फाटलेला होता. अशा भात्याने चूलसुद्धा फुंकता आली नसती. मी ज्याला गुन्ह्याची तयारी समजलो होतो, त्याने भट्टीतून आग लागली ही गोष्टच संपवली. आता उरले भांडण. ठाण्यात येऊन मी चाचाला पहिल्यांदा खाली बसवले आणि विचारले, "भांडलात कशावरून?"

"मातीवरनं," तो म्हणाला. "मिरूग तोंडावर आला. समद्या पेठंनं माळवदावर पांढरी टाकली, आमच्याच घरावर न्हाय. वर ह्या भेगा पडल्यात. आबास्नी म्हणलं, माती टाका. ते म्हणलं, बगू. मी म्हणलं, बगू कवा, पाणी आत आल्यावर? लोकांची भांडी असत्यात माझ्याकडं."

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुमी भांडण झालं का इचारलं, सायेब. कशापायी झालं त्ये कुठं इचारलं?"

जमादार खिडकीबाहेर बघत उभा होता. त्याला मी विचारले, ही पांढरी म्हणजे काय. तो म्हणाला, जुन्या गावठाणाच्या टेकाडाची पांढरी चिकट माती, ती दरसाल मृगाच्या आधी माळवदावर घालून चोपतात, नाहीतर घर गळते. "आबांचं घर दरसाल पयलं असतं," तो म्हणाला.

"यंदा नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय, सायेब."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुमास्नी दिसलंच असंल."

कोकणात आमच्या छपराला उतार असतो. मला काय दिसणार? पण जमादाराला ते सांगण्यात अर्थ नव्हता.

खबर म्हणावी तर त्याच दिवशी ठाण्यात चालत आली. माती वाहणाऱ्या एका माणसाची गाढवे कोंडवाड्यात गेली होती आणि तो जमादाराकडे रदबदलीसाठी आला होता. त्याला आबांच्या घराचे विचारले. तो म्हणाला, "आखितीच्या सणाला गेलतो की. म्होरल्या आठवड्यात टाकू का म्हणलं. आबा म्हणलं, येंदा नगं. मी म्हणलं, आबा, घर गळंल. तर म्हणलं, गळू दे."

बुधवारी सकाळी विमावाला आणि दोन पंच घेऊन मी शेजारच्या माळवदावर चढलो. सगळी पेठ पांढरीशुभ्र दिसत होती, नुकती चोपलेली. आबांच्या घराचा जो कोपरा उभा होता, तेवढाच काळा, भेगाळलेला, गेल्या सालचे वाळके गवत तसेच. विमावाल्याला वर्षभरापूर्वी आबांनी दाखवलेली माती आठवली आणि त्याने वही काढून तो कोपरा टिपून घेतला. मी पुरवणी पंचनामा केला.

आबा शुक्रवारी वरकुट्यातच होते असे त्यांच्या जबानीत होते. मी इंदापूरच्या रस्त्यावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरला बोलावले. त्याला ओळख चांगली होती. आबा शुक्रवारी सकाळच्या गाडीने आले, गावात न येता कालव्याच्या पुलाशीच उतरले आणि बाराच्या आत परत गाडीत बसले. घरी विसरलेला लग्नाचा आहेर न्यायला आलो होतो म्हणाले. हातात मात्र काही नव्हते.

गुरुवारी आबांना बोलावले. ठाण्यात खुर्ची दिली नाही, सरळ त्याच माळवदावर नेले.

"आबा, दरवर्षी पेठेत पहिली माती तुमची. यंदा?"

"ऱ्हायलं, सायेब. लग्नाची गडबड."

"गाढववाला दारात आला होता. त्याला परत पाठवलंत."

मग मी ड्रायव्हरचे सांगितले. ते तिथेच मातीवर बसले, धोतराची पर्वा न करता. म्हणाले, "पेठंतलं जुनं घर कोण घेतंय, सायेब? चार जणांला दाखवलं. पाडायचं म्हणलं तरी खर्च. बंगला जोत्यावर अडकलाय. ह्या घराची किंमत फकस्त त्या कंपनीच्या कागदावर व्हती."

मागच्या खोलीत तुराट्यांचा भारा होता. मागच्या दाराने शिरून त्याखाली त्यांनी धुमसती गोवरी ठेवली होती. गोवरीला ज्वाला धरायला दोन तास लागतात, हे शेतकऱ्याच्या घरी कुणाला शिकवावे लागत नाही. चाचाचे नाव पुढे येईल हे ठाऊक होते का, असे मी विचारले. "भट्टी त्याचीच व्हती," एवढेच ते म्हणाले. मला आयुष्यात आरोपीची शिसारी फार वेळा आलेली नाही, त्या वेळी आली. शुक्रवारचा दिवस आणि नमाजाची वेळ त्यांनी मोजून धरली होती, म्हणजे चाचा आत सापडून मरणार नाही एवढी काळजी घेतली होती, असेही ते म्हणाले. उपकार केल्यासारखे.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. विचार करायला वेळ देऊन मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तो पुन्हा स्वतः घेतला. ड्रायव्हर आणि गाढववाला साक्षीला उभे राहिले. आबांना शिक्षा झाली, विम्याचा दावा फेटाळला गेला. गुन्हा घडवताना आबांनी मोटार, गोवरी, लग्न सगळे जपले होते, पण जे घर पावसाळा बघणार नाही त्यावर माती टाकायला त्यांचा हात गेला नाही. वरिष्ठांनी माझ्या कामावर चांगला शेरा दिला. चाचाला आठव्या दिवशी सोडले. मी त्याला भाता परत दिला आणि पावतीवर त्याचा अंगठा घेतला. माफी मागावी असे मनात आले होते, पण फौजदाराने तसे करण्याची रीत नव्हती आणि मी ती मोडली नाही.

दोन वर्षांनी माझी बदली इंदापूरला झाली. बाजाराच्या दिवशी एका झाडाखाली भट्टी मांडून चाचा बसलेला दिसला. बारामतीत कुणी जागा देईना म्हणून इकडे आला होता, आणि इथेही सहा महिने उघड्यावरच होता. पावसात भट्टी पेटत नव्हती, म्हणून बायको दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जात होती. मी म्हणालो, चल माझ्याबरोबर. बाजारालगत एका तात्यांची खोली रिकामी होती, हे मला माहीत होते. मी गणवेशातच गेलो, मुद्दाम.

तात्यांनी आदराने बसवले, चहा मागवला. मग चाचाकडे न बघता म्हणाले, "सायेब, मी घराचा इमा उतरवतोय. कंपनीच्या अर्जात भाडेकरू कोण त्ये लिव्हावं लागतं. ह्यो बारामतीच्या आगीतला माणूस न्हवं?"

"तो निर्दोष आहे, तात्या. आग मालकाने लावली होती. कोर्टात शाबीत झालंय."

"असंल की. पर आठ दिस आत व्हता म्हंत्यात. पोलीस उगाच कुणाला धरत्यात व्हय?"

"उगाचच धरला होता," मी म्हणालो. "मीच धरला होता."

बदली होऊन येण्याआधीच माझे नाव त्यांच्या कानावर गेलेले असावे, कारण तात्यांनी माझ्याकडे मोठ्या विश्वासाने पाहिले आणि म्हणाले, "मग तर सायेब, तुमी कायतरी बघूनच धरलं असंल."

नोकरीत नंतर मी पुष्कळ माणसे पकडली आणि काही सोडलीही. पकडताना प्रत्येक वेळी मला तात्यांची ती बैठक आठवली आणि काही वेळा माझा हात थांबला. या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच, आणि त्याची किंमत मी भरलेली नाही. त्या दिवशी चाचा उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळे ऐकत होता. चहा आला तेव्हा कप दोनच होते. तो म्हणाला, "चला सायेब, माझी भट्टी इझायला लागली असंल," आणि माझी वाट न बघता बाजाराकडे चालू लागला.