गुंता भाऊजींमुळे होतो

माझ्या ताईच्या शिवणयंत्रात दोऱ्याचा गुंता होतो तो भाऊजींमुळे, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. हे पहिल्यांदा कुणी ठरवलं म्हणाल, तर खुद्द भाऊजींनीच. माणसाने स्वतःच्या डोक्यावर स्वतःच खापर फोडून घ्यावं आणि वर तुकडे नीट गोळा करून ठेवावेत, त्यातला हा गृहस्थ.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. ऑफिसांच्या एका उंच इमारतीत त्यांनी लिफ्टमन म्हणून जन्म काढला. जाळीचं दार पूर्ण लावल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही, हा त्यांचा धर्म. साहेब असो की झाडूवाला, आधी दार, मग बाकीचं. हीच शिस्त घरात. कपाट उघडं दिसलं की लाव, डबा उघडा दिसला की झाकण घाल. मी बोलायला लागले की त्यांचा हात शिवशिवत असणार, पण मेहुणी पडले, काय करतात. घराबाहेर निघताना दार ओढण्याआधी वळून विचारायचे, "कुणी राहिलं का?" एकटे निघाले तरी विचारायचे.

मग त्या इमारतीत आपोआप चालणाऱ्या लिफ्ट आल्या आणि भाऊजी घरी आले. घरी येऊन करणार काय? दाराशी उभे राहायचे. जिन्यात पाऊल वाजलं की दार उघडायचे, माणूस पुढे गेला की लावायचे. वरच्या मजल्यावर जाणारे कितीतरी जण गोंधळून ताईच्या घरात शिरायचे आणि पाणी पिऊन जायचे. मी समोरच्याच खोलीत राहते, त्यामुळे ही सगळी मौज मला फुकट. पण खरं सांगते, फार वेळ बघवायचं नाही.

त्याच सुमारास ताईला सुईचं नेढं दिसेनासं झालं. वय झालं, म्हणाली. मशीनवर बसली की हाक मारायची, "अहो, जरा येता का?" भाऊजी लगबगीने यायचे. चष्मा पुसायचे. मशीनभोवती सगळं आधी जागच्या जागी करायचे: तेलाच्या बुधलीला बूच, खण आत, जे वर उचललेलं असेल ते खाली. मग दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करून वरून खालपर्यंत सगळ्या कड्यांतून नेऊन एका झटक्यात ओवायचे, आणि खुर्ची ओढून बघत बसायचे.

ताईने चाक फिरवलं की दोन बोटं शिवण होते न होते तोच मशीन खर्रकन अडायचं. कापड उलटं करावं तर खाली दोऱ्याचा हा एवढा बोळा.

पहिल्या दिवशी ताई म्हणाली, तुम्ही जरा बाहेर बसा, कुणी बघत असलं की माझा हात चुकतो. भाऊजी जिन्यात जाऊन बसले. थोड्या वेळाने मशीन सुरळीत वाजायला लागलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच हिशेब लावला की मी आत असलो की गुंता, बाहेर असलो की नाही. मिस्त्रीला बोलावलं. त्याने बॉबिन काढली, पुसली, सुई बदलली, स्वतः दोरा ओवून सरसर शिवून दाखवलं. मशीनला काही झालेलं नाही म्हणाला. मग गुंता का होतो, असं भाऊजींनी खोदून खोदून विचारल्यावर तो वैतागला आणि म्हणाला, काका, काही माणसांची नजर जड असते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मेला आपली हत्यारं उचलून निघून गेला आणि आमच्या घरात नवीन शास्त्र सोडून गेला.

त्यानंतर रोजचा नेमच झाला. भाऊजी ओवायचे, उठायचे, जिन्यात जाऊन बसायचे. ताईने त्यांच्या बसायच्या पाटाला खोळही शिवली. मी दोनदा म्हटलं, ताई, हे काय खूळ आहे? ती म्हणाली, तू तुझं बघ. मी माझंच बघत होते, पण माझ्या दारातून दुसरं काही दिसत नव्हतं.

गल्लीत बातमी पोचायला किती वेळ लागतो? एक दिवस भाऊजी भाजी घेऊन येत असताना तळमजल्यावरच्या शिंप्याचा दोरा तुटला. बोलाफुलाला गाठ, दुसरं काय. पण त्याने हात जोडून विनंती केली, काका, तुम्ही मागच्या जिन्याने जात जा. लोकर विणणाऱ्या बाईंनी भाऊजी दिसले की सुया पदराखाली घ्यायला सुरुवात केली. वायरमनने खांबावरून ओरडून त्यांना पलीकडच्या बाजूने जायला सांगितलं. एका घरात सासू-सुनेचं बिनसलं, तर सासूबाई म्हणे, त्या दिवशी ते लिफ्टवाले येऊन गेले ना. अगं बाई, तुझ्या जिभेने बिनसलं, त्याला भाऊजी काय करणार? मी हे तिला तोंडावर सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, तेवढंच एक बरं झालं.

या सगळ्यात भाऊजींना मान देणारा एकच माणूस निघाला, कोपऱ्यावरचा दुसरा शिंपी. तो त्यांना रोज चहाला बोलवायचा, खुर्ची द्यायचा. खुर्ची मात्र रस्त्यापलीकडे ठेवायचा, तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दुकानासमोर, त्याच्या मशीनकडे तोंड करून. भाऊजी खूश. म्हणायचे, बघा मेहुणीबाई, अजून माणुसकी आहे. मला कळलं होतं, पण सांगायला जीभ वळेना. शेवटी तळमजल्यावरच्यानेच दुकानाला पडदा लावला आणि दोघा शिंप्यांची भर रस्त्यात जुंपली, तेव्हा भाऊजींना कळलं आपण तिथे कशासाठी बसलो होतो ते. चहा अर्धा टाकून उठले. घरी आले आणि त्या दिवशी त्यांनी जिन्यात पाऊल वाजलं तरी दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅग भरली. परगावी त्यांचा धाकटा भाऊ असतो, त्याच्याकडे जायचं ठरवलं, आणि तेही कायमचं. त्या घरात कुणी शिवत नाही, सगळे तयार कपडे आणतात, त्यामुळे कुणाचं नुकसान होणार नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. रागाने नाही हो, अगदी शांतपणे. माणूस दवाखान्यात भरती व्हायला निघावा तसा.

आणि नेमकी तेव्हाच ताईच्या घरात नव्या सभागृहाच्या रंगमंचाचा पडदा शिवायला येऊन पडला होता. जाड कापड, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेलं. त्याला वरून चुण्या घालायच्या होत्या. चुण्यांचं काम असं असतं की टाका सगळ्यात लांब करायचा, वरचा दोरा थोडा सैल ठेवायचा, शेजारी शेजारी दोन शिवणी मारायच्या आणि दोऱ्यांची टोकं लांब सोडायची. मग खालचे दोरे धरून कापड मागे सारत सारत ओढायचं, की चुण्या पडतात. मधे कुठे बोळा झाला तर दोरा सरकत नाही, तुटतो, आणि सगळं पहिल्यापासून.

ताई अडवेल म्हणून मी वाट बघत होते. ती अडवेना. खाली मान घालून पडदा चाचपत बसली होती. भाऊजी म्हणाले, जाण्याआधी शेवटचा दोरा ओवून देतो. चष्मा पुसला, बूच लावलं, खण लावला, ओवला. मग बॅग उचलली, दारातून वळून सवयीने विचारलं, "कुणी राहिलं का?" आणि ते जिना उतरायला लागले.

ताई उठून खिडकीशी गेली नाही की काही नाही. तिने तशीच मशीन सुरू केली. डोळे भलतीकडे आणि पाय जोरात. आणि मशीन खर्रकन अडलं.

जिन्यातली पावलं थांबली. मग वर यायला लागली. भाऊजी दारात उभे, हातात बॅग, चेहरा पांढराफटक. त्यांनी कापड उलटं करून बोळा पाहिला.

"मी जिन्यात असतानाही?" ते म्हणाले. "म्हणजे हे वाढत चाललंय. भावाचं गाव पुरणार नाही. आणखी लांब जायला हवं."

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. पण ताई उठली. तिने त्यांचा हात धरून मशीनपाशी आणला आणि सुईशेजारी कापड दाबून धरणारी लोखंडी पट्टी असते ना, ती दाबपट्टी, त्यावर ठेवला.

"ही वर उचलायची आणि मग दोरा ओवायचा," ती म्हणाली. "तुम्ही आधी ही खाली करता. ही खाली असली की वरच्या त्या दोन चकत्या घट्ट मिटतात आणि दोरा त्यांच्यात बसतच नाही. सैल राहतो, आणि खाली गोळा होतो. नजरबिजर काही नाही."

भाऊजींना पटेना. "दार उघडं ठेवून काम सुरू करायचं?"

"मशीनमध्ये तसंच असतं."

त्यांनी ती पट्टी एकदा वर केली, एकदा खाली केली. मग त्यांनी विचारलं, हे तुला कधीपासून माहीत होतं. ताई म्हणाली, पहिल्या दिवसापासून. मग सांगितलं का नाहीस, तर ताई बोळ्यातला दोरा उपसायला लागली. आता इथे मी गप्प राहायला हवं होतं. पण माझं तोंड म्हणजे त्या लिफ्टचं दारच, नेमकं नको तेव्हा उघडणार.

मी म्हटलं, "म्हणजे ते जिन्यात गेले की तू रोज दोरा काढून पुन्हा ओवत होतीस? आणि तुला तर नेढं दिसत नाही ना?"

भाऊजींनी अजून बॅग खाली ठेवली नव्हती.

"तुला दिसतं," ते म्हणाले.

"दिसतं," ताई म्हणाली. "तुम्ही दिवसभर दाराशी उभे असायचात. कुणी तुमच्यासाठी थांबेना. मला ते सहन होईना. म्हटलं, घरात तरी कुणी हाक मारावी. आणि मग तुम्ही इतक्या हौसेने ओवायला लागलात की चुकतंय म्हणून सांगायची माझी छाती झाली नाही."

"आणि तिकडे सगळी गल्ली मला चुकवून चालायला लागली ती?"

"ते माझ्या हाताबाहेर गेलं," ताई म्हणाली, आणि रडायला लागली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलेलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही.

भाऊजी रागावतील असं मला वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "आता तुला दिसतं हे मला कळलं. आता मला कशाला हाक मारशील?"

ताईने नाक पुसलं, गुंता कापून काढला, दाबपट्टी वर उचलून स्वतः दोरा ओवला आणि पडद्याच्या वरच्या कडेने दोन्ही शिवणी शेवटपर्यंत मारल्या. आम्ही दोघं उभे राहून बघत होतो आणि भाऊजी आत असूनही एक टाकासुद्धा अडला नाही. मग तिने दोऱ्याची टोकं हातात घेतली.

"इतक्या मोठ्या पडद्याच्या चुण्या एकटीने ओढता येत नाहीत," ती म्हणाली. "दोन्ही टोकांना माणूस लागतो. नाहीतर दोरा तुटतो."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे की हेही तसंच?"

मी शिवणकाम ताईकडूनच शिकले. एक टोक टाचणीला गुंडाळून बांधायचं आणि दुसरीकडून एकटीने ओढत यायचं, कितीही मोठं कापड असो, हे तिनेच मला शिकवलंय. ताई माझ्याकडे बघत नव्हती.

"खरं आहे," मी म्हटलं. "एकटीने होतच नाही."

भाऊजींनी बॅग भिंतीशी ठेवली आणि पडद्याला वळसा घालून पलीकडच्या भिंतीपाशी गेले. खाली बसले, चष्मा पुसला.

"माझं टोक कुठलं?" त्यांनी विचारलं.