सगळ्यांत मोठी टाळी

काल कॉलेजच्या मैदानावर फुटबॉलची मॅच बघत होतो. समोरच्या टीमच्या गोलकीपरच्या हातून बॉल सुटला आणि आमच्या बाजूच्या पोरांनी ती टाळी सुरू केली. बोटं फाकवून, तळव्यावर तळवा आपटून, तृतीयपंथीयांची नक्कल करत. वर 'बायल्या, बायल्या' अशा आरोळ्या. तीस वर्षांपूर्वी याच पायऱ्यांवर बसून आम्हीही तेच करायचो. घसा बसेपर्यंत ओरडलं की आपण मर्द, अशी आमची समजूत.

माझ्या शेजारी दिलीप बसायचा. सगळ्यांत मोठी टाळी त्याची. मॅच संपेपर्यंत त्याचे तळवे लालबुंद झालेले असायचे. कॉलेज संपल्यावर तो कायमचा पुण्याला निघाला, तेव्हा एसटी स्टँडवर म्हणाला, "मी कुठल्या गोलकीपरला चिडवत नव्हतो रं. माझ्याकडं कुणी बघू नये म्हणून वाजवायचो."

मला सगळं कळलं होतं. तरी म्हणालो, "गप की लेका, कायतरीच बोलतोस." आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला, गोल झाल्यावर घालायचो तसाच. तो हसला आणि गाडीत चढला. त्यानंतर त्याचं पत्र नाही, फोन नाही.

काल मी बॉल सोडून पोरांचे चेहरेच बघत राहिलो. तिसऱ्या पायरीवरचा एकजण सगळ्यांत जोरात वाजवत होता. त्याचं लक्ष मैदानाकडं नव्हतं, शेजारच्यांच्या हातांकडं होतं. सगळे थांबले, तेव्हा तो थांबला.

मग त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि मी घाईघाईनं मैदानाकडं बघू लागलो.