चुन्याऐवजी सिमेंट

शुभदा गेली त्याला काही आठवडे झाले. परवा तिच्या इथल्या, सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या ऑफिसातून तिच्या साहेबांचा फोन आला. आपल्याच पुण्याचे. "टेकडीवरच्या त्या घरावर शुभदाच्या नावाची पाटी लावतोय. उद्घाटनाला दोन शब्द बोला." मी विचारलं, "भिंतींना काय लावलंत?" ते म्हणाले, "सिमेंटच. एसी बसवायचाय ना, भिंती घट्ट बंद हव्यात... पण वरून अगदी जुन्यासारखं दिसतं."

माझी बायको जुनी घरं दुरुस्त करणारी आर्किटेक्ट होती. हे घर कुणा इंग्रजाने आपल्या गावाकडच्या पद्धतीने सिंगापुरात बांधलेलं. काळ्या लाकडाचा सांगाडा, मधल्या चौकटींत पांढऱ्या भिंती. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी भिंतीला टेकलो, तर म्हणाली, "तिला काय टेकतोस? ती काहीच उचलत नाही. सगळं ओझं लाकडावर." तुळई खांबात घुसलेली, लाकडी खुंटीने अडवलेली; खिळा कुठेच नाही. त्या सांध्यावरून हात फिरवताना मी शेजारी आहे हेही ती विसरली होती. भिंतींना चुनाच हवा, हे ती मीटिंगमागून मीटिंग सांगत राहिली. इथल्या दमट हवेत लाकूड ओलं होणारच. चुन्यातून ते सुकतं, सिमेंटमागे ओल अडकते आणि खांब आतून कुजतो. साहेब हसले होते, "शुभदा, तुझा चुना सुकेपर्यंत क्लायंट म्हातारा होईल!" किमो सुरू झाली तसं तिला त्या कामावरून बाजूला केलं... "तब्येतीला जप" म्हणाले. हॉस्पिटलमध्येही ती विचारायची, "चुना भिजत घातला का रे त्यांनी?"

शोकसभेत याच माणसाने तिच्या तळमळीवर भाषण केलं. तेव्हा मला नुसता संताप आला होता. फोनवर मात्र शब्द नीट सुचले. "जे घर कुजेल असं तिने बजावलं, त्यावर तिचं नाव नको."

"अहो, तुम्ही भावनेच्या भरात..."

"भावना नाही. आधी सिमेंट उतरवा, मग नाव मागा."

"बरं," म्हणाले. पाटी लागणार नाही. सिमेंट राहणार.

फोन ठेवून आत आलो. दिवसांना आलेल्या पाहुण्यांना बसायला जागा व्हावी म्हणून फ्लॅटमधली सगळी कपाटं भिंतीला चिकटवली होती. शुभदा प्रत्येक कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवायची, मागे वारा फिरावा म्हणून. त्या फटीत माझी पेनं पडायची आणि मी कुरकुरायचो. पुस्तकांचं कपाट दोन्ही हातांनी ओढलं. फरशीवर लांब ओरखडा उठला. मागची भिंत हाताला ओलसर लागली... मग दुसरं ओढायला घेतलं.