नांगराला वाढवलेला नारळ

जगन्नाथकाका इचलकरंजीत यंत्रमागाच्या मोटरी दुरुस्त करायचे. अमेरिकेत सिरॅक्यूजला आल्यावर ते एका कारखान्यात फिटर झाले आणि हिवाळ्यात आमच्या गल्लीतला बर्फ हटवणारे. त्यांच्या पिकअप ट्रकच्या तोंडाशी बर्फ रेटायचा साडेसात फुटांचा पिवळा लोखंडी नांगर असे. त्याच्यावर त्यांचा भारी जीव. पद्मजाकाकू म्हणायच्या, "माझा वाढदिवस विसरतील, पण नांगराच्या पंपाचं ऑइल बदलायची तारीख नाही विसरणार!"

मी कांचन, त्यांच्या तळघरात भाड्याने राहणारी. इलेक्ट्रिकलमध्ये पीएच.डी. करत होते. स्वभावाने चिडकी, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी तेव्हा माझी पक्की समजूत होती.

१९८५च्या दसऱ्याला काकांनी नांगर गॅरेजमधून काढून ट्रकच्या पुढे लावला. झेंडू कुठला मिळायला! सुपरमार्केटमधल्या शेवंतीची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं आणि नारळ वाढवायचा मान मला दिला. मी तो पात्याच्या कोपऱ्यावर असा काही आपटला की पाणी थेट बंपरपर्यंत उडालं. मग काकांनी बंपरजवळ उघडाच लोंबकळत असलेला नांगराच्या केबलचा प्लग जोडला आणि आम्ही श्रीखंड खायला घरात गेलो.

जानेवारीत माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती, सकाळी दहाला. सातला उठून पाहते तर दाराबाहेर कमरेइतका बर्फ. बस बंद, विद्यापीठ मात्र चालू. परीक्षकांपैकी एक बाई त्याच दुपारी वर्षभरासाठी जपानला निघणार होत्या. आज हुकलं की माझं वर्ष गेलं.

"टेन्शन नको घेऊ," काका म्हणाले. "आपला नांगर आहे ना!"

त्यांनी ट्रक सुरू केला, पातं खाली सोडलं, दहा फूट बर्फ रेटला आणि पातं वर घ्यायला खटका ओढला. टक. पुन्हा ओढला. पुन्हा नुसतं टक. पातं काही जागचं हलेना. दारात ट्रक, ट्रकपुढे बर्फाचा ढीग, आणि ढिगापलीकडे माझी पदवी.

काकांना संकटातही शिकवायची हौस. "हे बघ, खाली यायला कुणाची मदत लागत नाही. झडप उघडली की पातं स्वतःच्या वजनानं सिलिंडरमधलं तेल टाकीत ढकलतं. वर जायला मात्र पंपानं तेल दाबायला हवं. पंप फिरवते मोटर, मोटरला करंट देते बॅटरी, आणि मध्ये बसलाय रिले. आपला खटका फक्त त्याला उठवतो. टक म्हणतोय ना, तो उठलाय. पुढचं कुणीतरी झोपलंय."

"मला माहितीये, काका!" मी ओरडले. अंगावर साडी, वर कोट, पायात काकूंचे बूट. मी मीटर आणून रिलेच्या पलीकडच्या टोकाला लावला. काकूंनी ट्रकमध्ये बसून खटका ओढला. बारा व्होल्ट! "रिले ठीक आहे. मोटर जळली. संपलं सगळं!"

"थांब गं. मीटर तू रिलेपाशी लावलास, पण मोटरला दीडशे अँपिअर पोचायला हवेत. रिलेपासून मोटरपर्यंतची वाट मोकळी आहे का, हे मीटरला तिथे कसं कळणार?" काकांनी हातमोजा काढला, काकूंना खटका धरून ठेवायला सांगितलं आणि जाड केबलवरून बोटं फिरवत ते बंपरजवळच्या प्लगपर्यंत पोचले. "आई गं! भाजलं की! जिथं तापतं, तिथंच अडतं."

प्लग उघडला. आतली टोकं हिरव्या भुकटीने माखलेली, आणि त्या भुकटीत रुतून बसलेला काथ्याचा तुकडा. कुंकवाने लाल. तो माझ्या नारळाचा होता. दसऱ्याला मी उडवलेलं पाणी या उघड्या प्लगमध्ये गेलं होतं.

"काय सापडलं हो?" काकूंनी खिडकीतून विचारलं.

काकांनी तो तुकडा उपटून मूठ मिटली. "मीठ! रस्त्यावरच्या मिठानं प्लग खाल्ला. तुझी नखं घासायची कानस दे."

दहा मिनिटं त्यांनी ती टोकं घासली. प्लग जोडला. टक, आणि पाठोपाठ घर्रर्र. पात्याची साखळी ताणली गेली आणि पातं डौलात वर आलं. काकूंनी ट्रकमधूनच बाप्पाचा जयजयकार केला. दहाला तीन मिनिटं कमी असताना काकांनी मला विभागाच्या दारात सोडलं.

बारा वाजता मी बाहेर आले. ट्रक तिथेच उभा होता.

"पास?"

"पास!" असं म्हटलं खरं, पण मला राहवेना. "काका, तो नारळ मी..."

त्यांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. त्यात तो लाल तुकडा होता. "ठाऊक आहे. प्लग उघडा मीच ठेवला होता. सकाळी बोललो असतो, तर तू आत जाऊन काय उत्तरं दिली असतीस?"

मला रडूच फुटलं. घरापासून इतक्या लांब माझी चूक कुणी अशी मुठीत झाकून ठेवेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"रडतेस काय? उजवा हात पुढे कर," काका म्हणाले आणि तो तुकडा त्यांनी माझ्या तळव्यावर ठेवला. "प्रसाद आहे. तीन महिने उशिरा मिळाला, एवढंच."