सत्काराची म्हैस

“गाडी बंद कर! आरं मुडद्या, आधी गाडी बंद कर!”

आक्का स्टेजच्या कोपऱ्यावर उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडत होती आणि तिचा आवाज एकाच्याही कानात शिरत नव्हता. शिरणार कसा? सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली मांडवाला फेऱ्या मारत होत्या. त्या आवाजानं पन्हाळ्याचे दोन बुरूज तरी सरकले असतील, कुणी मोजायला गेलं नाही म्हणून. सगळ्यात पुढच्या गाडीवर, मागच्या सीटला, पुण्याहून आलेले प्रमुख पाहुणे. डोक्याला फेटा, एका हातानं चालवणाऱ्याची कंबर घट्ट धरलेली, दुसऱ्या हातानं जनतेला नमस्कार. एका हातानं नमस्कार होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ते बुडत्या माणसासारखं दिसतं. आणि त्यांच्या मागं, गळ्यात झेंडूचा हार, रंगवलेली शिंगं, तुटलेलं दावं लोंबतंय, अशी आमच्या समाजनिधीनं आक्काला दिलेली म्हैस शेपूट वर करून पळत होती.

हे नीट सांगायचं तर वासापासून सुरुवात करायला पाहिजे.

पंचगंगेचं पाणी ओसरलं की मागं जे उरतं त्याला लोक गाळ म्हणतात. गाळ हा फार सभ्य शब्द झाला. त्यात मेलेल्या कोंबड्या, फुटलेली गटारं, कुजका ऊस, डिझेल आणि कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम असं सगळं एकजीव झालेलं असतं. तो वास नाकात थांबत नाही, दातांत जाऊन बसतो. मी त्या दिवसांत खाल्लेली प्रत्येक भाकरी त्याच चवीची होती. आमच्या गल्लीतलं एक भटकं कुत्रं वासाला वैतागून शाहूवाडीच्या डोंगरात निघून गेलं, ते अजून परतलेलं नाही. तिकडं त्याचं बरं चाललंय असं ऐकतो.

पण वास परवडला, मदत परवडली नाही. ट्रकच्या ट्रक यायचे. मागचा फाळका धाडकन पडायचा आणि जुन्या कपड्यांचे गठ्ठे चौकात ओतले जायचे. बगलेत फाटलेली झंपरं. जोडीतला एकच मोजा. कुणा वकिलाचा काळा कोट, कॉलरला तेलाचा थर. एकदा तर पोहायचा पोशाख निघाला! छपरावरनं होडीत उतरलेल्या बाईला पोहायचा पोशाख! ज्यांचं सगळं वाहून गेलं, त्यांना आपल्या कपाटातला कचरा द्यायचा, वर त्यांच्यासोबत हसून फोटो काढायचा. न धुतलेल्या त्या कपड्यांचा ढीग चौकात माडीएवढा झाला, त्याला बुरशी आली, आणि शेवटी पुराचा वास बरा म्हणायची पाळी आली. अजून आठवलं की मला शिसारी येते.

आमचा समाजनिधी त्याच शिसारीतनं जन्माला आला होता, आधीच्या पुरात. तालीम, बायकांचे बचत गट, विहाराकडच्या वस्तीतलं मंडळ, दवाखानेवाले, दुकानदार अशा सगळ्यांनी वर्षभर थोडं थोडं बाजूला टाकायचं, आणि पूर आला की ट्रकवाले निघून गेल्यावर आपण सुरू व्हायचं. बाहेरच्यानं दिलं तर तेही त्याच भांड्यात. पण कुणाला काय द्यायचं ते इथल्यांनीच ठरवायचं. निधीचं काम बघणाऱ्या मॅडम विहाराकडच्या वस्तीतल्या, शाळेवर शिकवणाऱ्या. त्या चिखलातनं घरोघर जायच्या आणि प्रत्येकाला एकच विचारायच्या, “उद्या सकाळी काय हातात आलं तर तुझं तू सुरू करशील?” कुणी गिरणीची जळलेली मोटर भरून मागितली, कुणी शिलाई मशीन, कुणी भज्याच्या गाड्याला चाकं. कोरडे कपडे एकानंही मागितले नाहीत.

आक्का म्हणाली, “एक दुभती म्हस. आन् हार नगं.”

आक्का म्हणजे आमच्या गल्लीची दूधवाली. तिचा गोठा नदीच्या अंगाला. पुरात तिच्या म्हशी गेल्या. एक वाचली होती, ती भाकड. गल्लीतले रतीब सुटले, आणि घराघरांत पिशवीचं दूध आलं. आक्काला म्हशी गेल्याचं दुःख होतं, पण पिशवीचा तिला रागच होता. “पिशवीची सवय लागली की बाया परत भांडं घिऊन दारात येत न्हाईत,” ती म्हणायची. म्हणून निधीकडनं म्हैस मिळणार म्हटल्यावर तिनं घरोघर निरोप दिला होता: रविवारी सकाळी दूध घेऊन येते, नाही आले तर खुशाल पिशवी चालू ठेवा.

तर निधीनं म्हैस घ्यायची ठरवली. आक्का, मी आणि आमचे अध्यक्ष असे तिघं कोडोलीला गेलो. अध्यक्षांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्यांना सत्काराचं व्यसन आहे. ते बारशाला गेले तरी बाळाला शाल घालतात. आक्का गोठ्यात शिरली ती वाकून कास बघायला. अध्यक्ष बघत होते शिंगं. मालकानं ते बरोबर हेरलं. म्हणाला, “पावणं, ही नुसती दुधाची न्हाय, मानाची हाय. पाडव्याला पळती.” दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून पळवतात, मालक सायलेन्सर काढलेल्या गाडीवर पुढं आणि त्या आवाजामागं म्हैस. मालकानं गाडी चालू केली मात्र, ती म्हैस घास टाकून अशी सुटली की वाटेतली बाभळ बाजूला झाली.

“नाद खुळा!” अध्यक्ष ओरडले. “हीच!”

कास चांगली होती म्हणून आक्काही हो म्हणाली. फक्त टेम्पोत चढताना बोलली, “हिच्या म्होरं गाडी आणायची न्हाय कुणी. सांगून ठेवते.” आम्ही दोघांनी मान हलवली. टेम्पो उचगावला पोचेपर्यंत अध्यक्षांची मान दुसरीकडं वळलेली होती. ज्या पुण्याच्या पाहुण्यांनी निधीत भर घातली होती, त्यांना फोन लागला होता.

मॅडम बैठकीत कडाडल्या. “म्हैस तिच्या गोठ्यात नेऊन बांधायची आणि यायचं. मांडव कशाला?”

“मॅडम, पावणं येवढ्या लांबनं येनार. त्यांना चहा पाजायचा का आपण?” अध्यक्ष म्हणाले. “कोल्हापूर हाय हे! स्टेजवर म्हस पिळायची, चांदीच्या पेल्यात धारोष्ण दूध, पावण्यांच्या व्हटाला फेस, खाट्‌कन फोटो!”

आणि सांगायला लाज वाटते, सगळी बैठक खूश झाली. आमच्याकडं कट्ट्यावर म्हैस उभी करून समोर धार काढून दूध पितात, त्याचा आम्हांला कोण अभिमान! आता तोच कट्टा आम्ही गाळानं बरबटलेल्या चौकात, कार्पेट अंथरून मांडणार होतो. मागं फ्लेक्स लावला तो असा की पुराच्या वेळी नदीला आडवा बांधला असता तर पाणी शिरोळच्या बाजूला गेलंच नसतं. त्यावर अध्यक्षांचं तोंड बैलगाडीच्या चाकाएवढं. पाहुण्यांचं सुपाएवढं. म्हशीचं तिकिटाएवढं. आक्का नव्हतीच.

रविवार उजाडला. म्हैस आदल्या रात्रीच मांडवात आणून बांधलेली. आक्का पहाटेच बादली घेऊन आली, धार काढायला. अध्यक्ष आडवे. “आत्ता न्हाय! पावण्यांसमोर!”

“कवा येनार तुमचं पावणं?”

“निघाल्यात.”

पाहुणे निघालेलेच राहिले. ऊन चढलं. कार्पेट घाण होईल म्हणून म्हशीबरोबर आलेलं तिचं रेडकू स्टेजच्या मागं बांधलेलं, ते तिकडनं हंबरतंय, ही इकडनं. कास तटतटून फुगली, सडांतनं आपोआप थेंब गळायला लागले आणि नव्या कोऱ्या लाल कार्पेटवर पांढरं थारोळं झालं. अध्यक्षांनी त्यावर रांगोळीचं ताट सरकवलं. निवेदक माईकवरनं “करुणेचा महासागर” म्हणत होता. आक्का नुसती त्या थेंबांकडं बघत होती. गल्लीतल्या बायका एकेक करून भांडं घेऊन डोकावायच्या आणि माघारी जायच्या. समोरच्या दुकानात पिशव्यांचा क्रेट उतरत होता. मला तोंडात गाळाची चव आली. खरं सांगतो, ढिगावरची बुरशी त्या कार्पेटपेक्षा स्वच्छ वाटली.

“दोन धारा काढू दे की हो,” मी अध्यक्षांना म्हणालो.

“आन् ऐन वक्ताला आटली म्हंजे?” ते म्हणाले.

आणि मग लांबनं तो आवाज आला. तालमीच्या पोरांनी हायवेवरनं पाहुण्यांना मिरवत आणायचं ठरवलं होतं. मोटारीतनं उतरवून, फेटा बांधून, गाडीवर बसवून. सायलेन्सर काढायचे, हे तर त्यांना सांगावंही लागलं नव्हतं. मानाच्या माणसाला गुपचूप आणायची पद्धत आमच्याकडं नाही. म्हशीनं कान टवकारले. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी दाव्याकडं बघितलं. ते अध्यक्षांनी मांडवाच्या बांबूला बांधलं होतं, शोभेची गाठ मारून.

त्यानंतरचं मी आधीच सांगितलंय. बांबू गेला, दावं गेलं, फ्लेक्स आला. अध्यक्षांच्या स्वतःच्याच तोंडाखाली अध्यक्ष सापडले. पाहुण्यांनी मान वळवली तर, जिचं दूध प्यायला ते एवढ्या लांबनं आले होते, ती अगदी भेटायला आल्यासारखी मागं. “फास्ट! फास्ट!” पाहुणे किंचाळले. पोरानं मूठ पिळली. आवाज वाढला, तशी म्हैस वाढली. तिच्या बिचारीचा काय दोष? पुढं गाडी वाजते म्हणजे पळायचं, एवढंच तिला शिकवलेलं. मागं रस्त्यावर दुधाची धार पडत चाललेली, आणि त्या धारेमागं आक्का, एका हातात बादली, दुसऱ्या हातात रेडकाचं दावं, ओरडत, “बंद कर रं, गाडी बंद कर!”

शेवटी गाडी गाळातच रुतली. चाक गरकन फिरलं, पोरगं एका अंगाला, आणि पाहुणे हवेतनं जे निघाले ते थेट जुन्या कपड्यांच्या ढिगावर. मऊ उतरले. एवढ्या दिवसांत त्या कपड्यांचा उपयोग झालेला तो पहिला माणूस. वर आले तेव्हा फेटा नव्हता, खांद्यावर एक फाटकं झंपर होतं आणि चेहऱ्यावर तीच शिसारी होती जी आम्ही पूर ओसरल्यापासून घेऊन हिंडत होतो. इंजिन बंद पडलं तशी म्हैस जागच्या जागी थांबली. सायलेन्सर हुंगला. मान खाली घालून उभी राहिली.

आक्का पोचली. धापा टाकतच तिनं रेडकू सोडलं. ते ढुशा देत सडाला लागलं. म्हशीचं अंग थरथरत होतं, ते हळूहळू थांबलं. मॅडमनी कुणाच्या तरी घरातनं गरम पाण्याचा तांब्या आणला, आक्कानं कास धुतली, पदराला हात पुसले आणि तिथंच, त्या चिखलात, उकिडवी बसली. मी म्हशीच्या शिंगाला धरून उभा राहिलो. धरायची गरज नव्हती, पण मला दुसरं काही करण्यासारखं सुचलं नाही. बराच वेळ काही येईना. मग बादलीच्या बुडावर पहिली धार वाजली.

बादली भरली नाही, अर्ध्याच्या थोडी वर आली. तेवढ्यात ढिगापलीकडनं पहिली बाई आली, हातात पातेलं. म्हणाली, “आक्का, उशीर केलास की गं.”

“आज अर्धं अर्धं घ्या,” आक्का म्हणाली. “सांच्याला पुरं.”

ती माप भरत होती तेव्हा अध्यक्ष आले. कपाळाला टेंगूळ, हातात मात्र चांदीचा पेला तसाच. मागं फोटोवाला. ढिगाशेजारी पाहुणे कॉलर झटकत उभे.

“आक्का,” अध्यक्ष म्हणाले, “पावण्यांचं धारोष्ण राहिलं की गं! त्यांना काय देऊ आता?”

आक्कानं पातेल्यावरची नजर काढली नाही.

“पिशवीचं द्या.”